देवासची दुसरी टीम

देवासात तेरा वर्षांखालच्या मुलामुलींच्या फुटबॉलच्या टीम दोन होत्या, पण दुसरी टीम नव्हती. दोन्ही पहिल्याच. हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगायचं तर आधी देवास समजावून सांगावं लागतं, आणि तेवढा वेळ कुणाला असतो? थोडक्यात एवढंच, की या एका गावात एके काळी दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन भावांची दोन घराणी, रस्त्याच्या या अंगाला एकाचा अंमल, त्या अंगाला दुसऱ्याचा. राज्यं गेली त्याला पाऊणशे वर्षं होऊन गेली. पण मानकऱ्यांची पतवंडं इथेच आहेत. ती बँकेत नोकऱ्या करतात, पेट्रोल पंप चालवतात, टाइल्सची दुकानं काढतात, आणि आपण कुठल्या पातीचे हे कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकतात.

उभय पाती क्रीडा मंडळाला म्हणूनच अध्यक्ष दोन. थोरल्या पातीकडून भैयासाहेब, धाकट्या पातीकडून जगदेवराव. मंडळाची आमंत्रणपत्रिका दोन तऱ्हांनी छापून घ्यावी लागे, एकीत हे नाव वर, दुसरीत ते. आणि दोघांच्या खुर्च्यांच्या बरोबर मध्ये, जरा मागे, एका स्टुलावर गेली अठरा वर्षं बसत होते मंडळाचे चिटणीस, तात्या दफ्तरदार.

तात्यांच्या पणजोबांकडे दरबारच्या बैठकीची यादी असायची. कुणी कुणाच्या उजव्या हाताला बसायचं आणि कुणाला खांबाआड बसवलं तर चालेल, हे ते ठरवत. तात्या स्वतः शिक्षण खात्यातून हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले. फुटबॉल त्यांना ओ की ठो कळत नव्हता. ऑफसाइड म्हणजे चेंडू मैदानाबाहेर जाणं, अशी त्यांची अठरा वर्षं समजूत होती आणि ती कुणी दुरुस्त केली नव्हती. पण कुणाला कुठे ठेवलं की कोण रुसणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि फुटबॉलमधला अवघड भाग तेवढाच, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

दर नोव्हेंबरात निवड चाचणी होई. चाचणी म्हणजे काय, तर एकेका मुलाने पुढे येऊन चेंडूला एक लाथ मारायची आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. मग तात्या खिशातून यादी काढत, जी त्यांनी आदल्या दिवशीच घरी लिहिलेली असे. पहिली टीम, थोरली. पहिली टीम, धाकटी. दोन्हीकडे सारख्या तोलामोलाच्या घरची नातवंडं, दोन्हीकडे एकेक डॉक्टरचा मुलगा, दोन्हीकडे एकेक वकिलाची मुलगी. पीपलरावां गावाहून बसने येणारा अंकित कुठल्याच पातीत बसत नसे, म्हणून तो एक वर्ष इकडे आणि एक वर्ष तिकडे. डिसेंबरात दोन्ही टीम धारच्या स्पर्धेला जात आणि दोन्ही पहिल्याच फेरीत हरून, किल्ला पाहून, कचोऱ्या खाऊन परत येत. एका वर्षी तर सोडतीत त्या एकमेकींसमोर आल्या आणि सामना शून्य-शून्य बरोबरीत सुटला. तात्यांच्या कारकिर्दीतला तो सर्वात आनंदाचा दिवस. पुढे पेनल्टीवर निकाल लावायचा असतो हे कळल्यावर मात्र त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

या सगळ्या तोलात एकच अडचण येई. मुलांची संख्या दरवेळी समसमान निघत नसे. तराजूची दोन्ही पारडी सारखी यावीत म्हणून वाणी एका बाजूला पासंग बांधतो, तसं कुणीतरी एक हाताशी असावं लागे, ज्याला कुठेही टाकलं तरी घरचे भांडायला येणार नाहीत. असं घर तात्यांच्या माहितीत एकच होतं, त्यांचं स्वतःचं. म्हणून त्यांची नात मेधा तीन वर्षं मंडळाचा पासंग होती. भैयासाहेबांनी कुरकुर केली की ती थोरलीत, जगदेवरावांच्या कपाळाला आठी पडली की धाकटीत. मागच्या वर्षी तर धारला जाताना बसमध्येच तिला जर्सी बदलावी लागली. यात आपण पोरीवर अन्याय करतो आहोत असं तात्यांना कधी वाटलं नाही. आपण किती निःपक्षपाती आहोत, असंच वाटत आलं.

यंदा मेधाला बारावं लागलं होतं आणि तिचं तोंड उघडलं होतं.

"आजोबा, या वर्षी मला परत इकडून तिकडे केलंत ना, तर मी फुटबॉल छोडणार," ऑक्टोबरातच तिने सांगून टाकलं. "सच्ची सांगते. बूट पण विहंगला देऊन टाकीन."

विहंग तिचा धाकटा भाऊ. बूट त्याला तीन नंबर मोठे झाले असते. पण ती जे बोलते ते करते हे घरात सगळ्यांना माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी तिने तबल्याचा क्लास असाच सोडला होता आणि तबल्यावर आता इस्त्रीचे कपडे ठेवले जात. तात्यांनी हसण्यावारी नेल्यासारखं केलं, पण त्या दिवसापासून त्यांना ती गोष्ट टोचायला लागली. कारण पोरगी पहाटे साडेपाचला आपण होऊन उठते, असं दुसरं कुठलंच काम जगात नव्हतं.

त्यातच धारच्या आयोजकांनी नवा नियम काढला. एका क्लबची एकच टीम अ गटात, दुसरी असली तर ब गटात. पत्र आलं त्या संध्याकाळी मंडळाची तातडीची बैठक बसली.

"ब गट?" भैयासाहेब म्हणाले. हा शब्द त्यांनी चिमटीत धरून लांब केल्यासारखा उच्चारला. "आमच्या पातीने आजवर ब पाहिलेला नाही."

"आमच्याही नाही," जगदेवराव म्हणाले.

मग असं सुचलं, की आलटून पालटून करावं, एक वर्ष थोरली अ गटात, एक वर्ष धाकटी. यावर दोघांचंही तत्काळ एकमत झालं. फक्त पहिलं वर्ष कुणाचं, यावर तीन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत चहा संपला, शेव संपली, आणि स्वप्नाली उभी राहिली.

स्वप्नाली ही मुलांची नवी कोच. मूळची धारची, इथल्या एका शाळेत खेळ शिकवायला लागलेली, सत्तावीस वर्षांची. तिच्याकडे प्रशिक्षणाचं रीतसर लायसन्स होतं. मंडळाला ते ऐकून आधी वाटलं होतं, की बाई ड्रायव्हिंगही करते.

"तीन दिवस चाचणी घेऊ," ती म्हणाली. "नावं नाहीत, नंबर. छातीवर एक, पाठीवर एक. जे पहिले चौदा येतील ते अ, पुढचे चौदा ब. पाती नाही, घर नाही, काही नाही. धारला हेच करतात. पीथमपूरला पण. कारखान्यातल्या कामगारांची पोरं दरवर्षी फायनलला येतात ती काय उगीच?"

दोन्ही अध्यक्षांनी एकमेकांकडे पाहिलं. समोरच्याची पाती आधी अ गटात गेलेली पाहण्यापेक्षा कुणाचीच न गेलेली बरी, असा हिशेब दोघांनी एकाच क्षणी केला असावा, कारण दोघांनीही होकार दिला. आपला नातू तर पहिल्या चौदांत असणारच, याची दोघांना खात्री होतीच.

तीन परीक्षक ठरले. एक स्वप्नाली. तिच्याकडे चेंडूवरचा ताबा आणि पास. दुसरे इंदूरहून बोलावलेले एक सर. त्यांच्याकडे वेग आणि खेळाची समज. तिसरं नाव स्वप्नालीने घेतलं तेव्हा तात्या स्टुलावरून पडायचेच राहिले.

"मला फुटबॉल कळत नाही, बाई."

"म्हणूनच, तात्या. ज्यांना कळतो ते चेंडूकडे बघतात. आपण मुलाकडे बघायचं." तिने त्यांच्या हातात एक आखलेला कागद दिला. अठ्ठावीस ओळी, दहा रकाने. "पोराच्या पायातला चेंडू गेला, की मनात पाच मोजायचे. पाचाच्या आत पोरगं चेंडूमागे परत पळालं, तर बरोबरची खूण. कमरेवर हात ठेवून उभं राहिलं, तर फुली. प्रत्येकाचे दहा चेंडू. बास."

"एवढंच?"

"यातच निम्मं पोरगं कळतं," स्वप्नाली म्हणाली.

तात्यांना ते काम पहिल्याच मिनिटाला आवडलं. आखलेला कागद, मोजणं, खूण करणं. फुटबॉलमध्ये एवढं सुसंस्कृत काही असेल अशी त्यांना कल्पना नव्हती.

शुक्रवारी मुलांनी डब्यातून आपापल्या नंबरच्या चिठ्ठ्या काढल्या आणि नुसती चेंडूची कसरत झाली. शनिवारी चार-चारांचे छोटे सामने, रविवारी एक मोठा सामना. टेकडीखालच्या मैदानावर सकाळी सातला पालकांची ही गर्दी. दोरीच्या बाहेरच थांबायचं, ओरडायचं नाही, असा स्वप्नालीचा हुकूम होता. त्यामुळे भैयासाहेब दोरीला पोट टेकवून नुसते हातवारे करत होते. तात्या दोरीच्या आत खुर्ची टाकून बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मुलांना खेळताना पाहिलं. अठरा वर्षं ते मैदानावर होते खरे, पण त्यांची नजर कायम खुर्च्यांवर असायची, कोण उठला, कोण बसला, कोणाचा चहा आधी आला.

आणि काय काय दिसलं म्हणून सांगावं. धाकट्या पातीचा अजेय, जगदेवरावांचा नातू, चेंडू गेला की आधी आजोबांकडे बघायचा आणि मग पळायचा. पाच आकडे त्यातच संपायचे. भैयासाहेबांचा रणवीर चेंडू गेला की रागाने लाल व्हायचा, पण पळायचा, दहातून सात वेळा तरी पळायचा. थोरल्या घरची एक मुलगी समोरच्याच्या अंगाला पाय लागला, की थांबून वाकून नमस्कार करायची. वळण चांगलं होतं, पण चेंडू तोवर गोलपोस्टपाशी पोचलेला असायचा. अंकितच्या पायातला चेंडू मुळी जायचाच नाही. रविवारच्या सामन्याच्या उत्तरार्धापर्यंत त्याचे दहा पूर्ण होईनात.

बावीस नंबर पळत होती.

नंबर असले तरी स्वतःच्या नातीची वेणी तात्यांना ओळखू येणारच. ती पोरगी दिसायला काही भारी खेळत नव्हती. पास जरा तिरका जायचा, डावा पाय नुसता उभं राहण्यापुरता होता. पण चेंडू गेला, की दोन मोजेपर्यंत ती वळलेली असायची. एकदा रणवीरने तिला चकवून चेंडू नेला, तर ती मैदान ओलांडून कोपऱ्यापर्यंत त्याच्यामागे गेली आणि तो बाहेर घालवूनच थांबली. तात्यांनी बरोबरची खूण केली. अभिमान वाटत होता. पण त्याहून जास्त लाज वाटत होती. तीन वर्षं ही अशी पळत होती आणि आपण हिला तराजूला बांधली होती.

रविवारी सामना संपत आला तेव्हा बावीसच्या ओळीत नऊ खुणा झाल्या होत्या. सात बरोबर, दोन फुल्या. दहावा चेंडू मधल्या रेषेजवळ अंकितने तिच्या पायातून अलगद काढून घेतला. ती वळली, दोन पावलं टाकली आणि थांबली. गुडघ्यांवर हात ठेवून खाली वाकली. तात्या मोजत होते. एक, दोन, तीन, चार, पाच. सहाला ती पळाली.

तात्यांनी पेन उचललं आणि तसंच टोपण लावून खिशात ठेवलं. घरी गेल्यावर बघू, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. बघायचं काय राहिलं होतं, ते मात्र सांगितलं नाही. अठ्ठावीस ओळींत तेवढा एकच चौकोन कोरा राहिला.

दुपारी जेवण होऊन ते पक्की यादी करायला बसले, तोच स्वप्नालीचा फोन आला. तिचे आणि इंदूरच्या सरांचे गुण मिळवून झाले होते. तेरा नावांचा प्रश्नच नव्हता. चौदाव्या जागेवर अडलं होतं.

"नऊ नंबर आणि बावीस नंबर," ती म्हणाली. "आमच्या दोघांचे मिळून नऊला साडेतेवीस, बावीसला तेवीस. आता तुमच्या रकान्यावर आहे, तात्या. नऊला किती?"

नऊ म्हणजे रणवीर. "सात," तात्या म्हणाले.

"आणि बावीसला?"

"पक्की करतोय. पाच मिनिटांत सांगतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि कागदाकडे बघत बसले.

हिशेब विहंगलाही जमला असता. कोऱ्या चौकोनात बरोबरची खूण केली, की मेधाचे आठ, म्हणजे ती अर्ध्या गुणाने वर आणि पहिल्या टीममध्ये. फुली केली, की सात, म्हणजे रणवीर अर्ध्या गुणाने वर. एक खूण. सहाला पळालीच होती की पोरगी, असं मन म्हणत होतं. पाच काय आणि सहा काय, आपण जरा भरभर मोजलं असेल. आणि दुसरंही मन होतं, ते याहून धूर्त. ते म्हणत होतं, फुली केलीस तर ते खरं असेल, पण दिसेल कसं? अध्यक्षांचा नातू आत आणि चिटणिसाची नात बाहेर. मेधाला वाटेल, आजोबांनी परत तेच केलं. खरं लिहिलं तर ती खेळ सोडणार आणि खोटं लिहिलं तर राहणार, असा हा मामला होता.

कमलकाकू, म्हणजे तात्यांची बायको, दाराशी मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांना सगळं ऐकू येत होतं. त्यांना नेहमीच सगळं ऐकू येई.

"काय झालं? फोन ठेवून असे पुतळ्यासारखे का बसलात?"

तात्यांनी सांगितलं. काहीही न लपवता सांगितलं, सहाच्या आकड्यासकट.

कमलकाकूंनी मेथीची एक जुडी पुरती निवडली आणि मग बोलल्या. "अठरा वर्षं तुम्ही न बघता लिहिलंत. तेव्हा हात नाही अडला. आता बघितलंय, तर का अडतोय?"

"ती खेळ सोडेल गं."

"सोडेल तर सोडेल. पण तुम्ही तिला खोटी खूण दिलीत आणि तिला कळलं, तर ती काय काय सोडेल, त्याचा विचार करा. तिला माहीत असणार ना ती पळाली की नाही ते. पाय तिचेच आहेत."

तात्यांनी टोपण काढलं. फुली केली, शाईने, दोन्ही रेघा नीट ओढून. मग फोन लावला आणि म्हणाले, "बावीसला सात." आवाज अगदी कचेरीतला निघाला.

सोमवारी संध्याकाळी मैदानावर यादी वाचायची होती. दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या, सारख्या उंचीच्या, मागे स्टूल. मुलं समोर गवतावर बसली होती. स्वप्नालीने कागद तात्यांच्या हातात दिला. चिटणीस तुम्ही, तुम्हीच वाचा, म्हणाली. पहिली टीम वाचून होईपर्यंत दोन्ही अध्यक्ष मांडीवर बोटं मोजत होते, थोरली किती, धाकटी किती. चौदावं नाव रणवीरचं आलं तेव्हा भैयासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला.

"दुसरी टीम," तात्यांनी वाचलं. देवासात हे दोन शब्द त्या मैदानावर पहिल्यांदाच उच्चारले गेले. वर आभाळ कोसळलं नाही. शेंगदाणेवालासुद्धा थांबला नाही. "नंबर बावीस. मेधा दफ्तरदार."

त्यांनी वर बघितलं नाही. पुढची तेरा नावं एका दमात वाचली. त्यात अजेयही होता. जगदेवराव ताडकन उठले, बोटं पुन्हा मोजली आणि हळूहळू खाली बसले. पहिल्या टीममध्ये थोरलीचे पाच, धाकटीचे सहा. दुसरीत थोरलीचे सहा, धाकटीचे पाच. बाकीचे कुणाचेच नाहीत. रागवायला जागाच उरली नव्हती, आणि एवढ्या तयारीने आलेल्या माणसाला ते फार जड जातं.

एवढ्यावर सगळं सुरळीत पार पडलं असतं. पण भैयासाहेब मुळात मनाचे उदार. त्यांना कुणीतरी अर्ध्या गुणाची गोष्ट सांगितली होती. ते उठून तात्यांकडे आले, त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाले, "तात्या, आमच्या रणवीरसाठी आपण घरची पोर मागे ठेवलीत. हे आम्ही विसरणार नाही. चिटणीस असावा तर असा."

"भैयासाहेब, मी काहीही केलेलं नाही. तिचे गुणच..."

"हेच, हेच आपलं मोठेपण," भैयासाहेब म्हणाले आणि त्यांनी तात्यांच्या पाठीवर थाप मारली.

तात्यांनी गवताकडे पाहिलं. मेधा उभी राहिली होती. तिने छातीवरच्या नंबराच्या दोन्ही पिना काढल्या, कागदाची घडी घातली आणि ती सायकलींच्या दिशेने चालू लागली. रडत नव्हती. रडली असती तर बरं, असं तात्यांना वाटलं.

ते तिच्यामागे गेले. अडुसष्टाव्या वर्षी जेवढं पळता येतं तेवढं पळाले. सायकलपाशी ती खाली बसून बुटांच्या नाड्या सोडत होती.

"बूट नको काढू," तात्या धापा टाकत म्हणाले.

"विहंगला द्यायचे आहेत."

"देशील. आधी हे बघ." त्यांनी खिशातून आखलेला कागद काढला, मूळचा, मैदानावरच्या धुळीने मळलेला, आणि तिच्यासमोर धरला. "बावीसची ओळ."

"मला माहितै. भैयासाहेबांनी सांगितलं ना सगळ्यांना. थँक यू पण म्हणून झालं तुम्हाला."

"भैयासाहेबांना काय माहीत? ते तर दोरीवर लोंबकळत रणवीरकडे बघत होते. तू वाच."

मेधाने नाइलाजाने कागदाकडे पाहिलं. खुणा होत्या, वाचण्यासारखं काही नव्हतं. तिने एका चौकोनावर बोट ठेवलं. परीक्षा घेतल्यासारखं विचारलं, "हा चौथा कुठला?"

"शनिवारी, दुसरा सामना. रणवीरने नेला. तू कोपऱ्यापर्यंत गेलीस आणि बाहेर घालवलास. पडलीस पण. डाव्या कोपरावर."

तिने नकळत कोपर झाकलं. "हा?"

"पाचवा. तो तुझा तुलाच अडखळून गेला. पण दोन म्हणायच्या आत तू परत फिरलीस."

"आणि सहाव्याला फुली का? सहाव्याला मी पळाले होते."

"पळालीस. पण चेंडूमागे नाही. पंचांशी भांडायला."

मेधाच्या ओठांचा कोपरा हलला आणि पुन्हा जागेवर आला. तिने एकेक चौकोन विचारला. तात्यांनी एकेक सांगितला, कोण समोर होतं, कुठल्या बाजूला, ऊन कुठून येत होतं. कुठेही ते अडले नाहीत. बोट शेवटच्या चौकोनावर आलं तेव्हा ती जरा थांबली.

"दहावा?"

तात्यांना वाटलं, इथे काही मऊ बोलावं. पण त्यांना ते जमलं नाही. "दहाव्याला अंकितने नेला. तू दोन पावलं टाकलीस आणि गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिलीस. मी पाच मोजले. सहाला पळालीस."

"बुटाची नाडी सुटली होती."

"नव्हती सुटली."

तिने त्या फुलीवरून बोट फिरवलं. पलीकडे मैदानावर जगदेवराव दुसऱ्या टीमचा कॅप्टन कुठल्या पातीचा असावा असं काहीतरी विचारत होते आणि स्वप्नाली त्यांना नाही म्हणत होती.

"नव्हती," मेधा म्हणाली. "दम लागला होता. मला वाटलं, कुणी बघत नाहीये."

"मी बघत होतो."

तिने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. तीन वर्षांत तिने आजोबांकडे असं पाहिलं नव्हतं, किंवा पाहिलं असेल तर तेव्हा आजोबा खुर्च्यांकडे बघत असतील. मग ती खाली वाकली आणि सोडलेली नाडी पुन्हा बांधायला लागली, घट्ट, दोन गाठी मारून.

"हा कागद मला द्या," ती म्हणाली.

चाळीस वर्षांच्या नोकरीत तात्यांनी मूळ कागद कुणाच्या बापाला दिला नव्हता. नक्कल मागा, अर्ज करा, असं त्यांनी कलेक्टरच्या माणसालासुद्धा सुनावलं होतं. त्यांनी तो तिला दिला. तिने नंबराच्या घडीबरोबर तो दप्तरात ठेवला आणि सायकल स्टँडवरून काढली.

"दुसऱ्या टीमचा सराव सकाळी सहाला आहे," ती म्हणाली. "तुम्ही पेन घेऊन या."